मदत हवी आहे : चंद्रावरच्या धुळीचा प्रयोग सांगलीच्या दमट हवेत कसा जमवावा?

नमस्कार मंडळी. यानाच्या पृष्ठभागावर घासलेली धूळ विद्युतभारित होऊन कशी चिकटते, हे आमच्या नववीच्या मुलींना विज्ञान प्रदर्शनात दाखवायचंय. चंद्रावर ना हवा, ना ओलावा, त्यामुळे साचलेला भार सहजी निचरत नाही. शिवाय दिवसा उन्हातले अतिनील किरण कणांमधून इलेक्ट्रॉन उडवतात. १९७२ साली अपोलो १७ च्या अंतराळवीरांचे सूट या धुळीने पार मळले होते.

खडी क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी वस्त्रगाळ करून घेतलीय (चंद्रावरच्या काळपट सपाट भागांतही बेसॉल्टच आहे). पृष्ठभाग म्हणून टेफ्लॉन, ॲल्युमिनियम आणि मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडची सोनेरी पॉलिइमाइड टेप.

घोडं अडलंय हवेपाशी. कृष्णाकाठचा पावसाळा! टेफ्लॉनवरून भुकटी घरंगळली की विद्युतदर्शीची (भार आहे का ते दाखवणाऱ्या उपकरणाची) पानं जेमतेम फाकतात नि लगेच मिटतात. भुकटी तव्यावर भाजली की थोडा वेळ बरं चालतं.

काचेच्या पेटीतला ओलावा शोषायला सिलिका जेल पुरेल, की कॅल्शियम क्लोराइड लागेल? भार धन की ऋण हे दाखवणारं स्वस्तातलं सर्किट कुणी बनवलंय का? मिरज-कुपवाडकडे कुणाकडे हवा कोरडी करणारं यंत्र असेल तर कृपया कळवा, मुलींना घेऊन मी तिकडे येईन.