हरमनने तो झेल घेतला तेव्हा तुम्ही कुठे होतात? – अनुभव लिहा

२ नोव्हेंबर २०२५. नेरूळचं डी. वाय. पाटील मैदान. दीप्ती शर्माच्या चेंडूवर दक्षिण आफ्रिकेच्या नादीन डी क्लर्कने फटका उचलला, आपली कर्णधार हरमनप्रीत मागे पळत गेली, चेंडू हातात घट्ट धरला आणि भारत ५२ धावांनी विश्वविजेता झाला. महिला क्रिकेटचा विश्वचषक १९७३ साली सुरू झाला, म्हणजे पुरुषांच्याही दोन वर्षं आधी. आपण २००५ ला सेंच्युरियनला आणि २०१७ ला लॉर्ड्सला अंतिम सामन्यापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलो होतो. या वेळी चषक घरी राहिला.

धावफलक कुठेही मिळेल. तुमच्या घरात, लोकलच्या डब्यात, ड्युटीवर तेव्हा काय चाललं होतं ते इथे लिहा. फक्त अंतिम सामन्याचंच लिहा असंही नाही. विशाखापट्टणमला आधी दक्षिण आफ्रिका, मग ऑस्ट्रेलिया आणि नंतर इंदूरला इंग्लंड, असे ओळीने तीन सामने हरलो, ते दहा दिवस तुम्ही कसे काढलेत तेही सांगा.

सुरुवात मी करते. माझ्या मते या स्पर्धेतला सगळ्यात मोठा सामना ३० ऑक्टोबरचा, उपांत्य फेरीचा. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्यावर आमच्याकडे पुण्यात सासरे उठून झोपायला गेले. त्यांची चूक नव्हती. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात एवढा पाठलाग तोवर कुणीच केलेला नव्हता आणि समोर एकही सामना न हरलेला गतविजेता संघ. शफाली आणि स्मृती लवकर बाद झाल्या, मग जेमिमा आणि हरमनने १६७ धावांची भागी केली. हरमन ८९ वर गेली तेव्हा मी सोफ्यावरून खाली जमिनीवर येऊन बसले होते. ऑस्ट्रेलियाच्या हिलीने जेमिमाचा झेल सोडला त्या ओरड्याने सासरे जागे झाले आणि बाहेर येऊन दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर मानेनेच नको म्हणाले, जागा बदलायची नाही. अमनजोतने विजयी चौकार मारला तेव्हा नऊ चेंडू शिल्लक होते. सासरे तेव्हाही दारातच.

ठाणे

मी नर्स आहे. ३० तारखेला मला रात्रपाळी होती. वॉर्डात असताना फोन हातात घ्यायचा नाही, हा नियम आणि तो बरोबरच आहे. पण बाहेर कॉरिडॉरमध्ये एका पेशंटचा मुलगा बाकावर बसून मॅच बघत होता. मी सलाईन बदलायला, बीपी घ्यायला त्या बाजूला गेले की तो काचेतून बोटांनी किती हवेत ते दाखवायचा. आधी दोन्ही हातांची बोटं तीन-चारदा उघडमीट करायचा, मग दोनदा, मग एकदाच. माझ्या खाटांवरच्या बायकांनाही ते कळायला लागलं होतं. कोपऱ्यातल्या आजी मला म्हणाल्या, "सिस्टर, पोरगा किती म्हणतोय बघून या." शेवटी त्या मुलाने काहीच बोटं दाखवली नाहीत, नुसते दोन्ही हात वर केले.

जेमिमाने शंभर झाल्यावर बॅट उंचावली नाही हे मला दुसऱ्या दिवशी घरी हायलाइट्समध्ये दिसलं. काम अजून बाकी होतं म्हणून. आणि सामन्यानंतर ती रडत रडत सांगत होती की स्पर्धेत जवळजवळ रोज रडायची, मन थाऱ्यावर नसायचं. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून कुणी हे बोललं याचं मला फार मोल वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुली हे घरीसुद्धा सांगू शकत नाहीत.

नेरूळ

मैदान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. साखळी सामन्यांना तिकिटं १०० रुपयांपासून होती, त्यामुळे मी, आई आणि शेजारच्या दोघी असे न्यूझीलंडच्या सामन्याला सहज गेलो. आईने जन्मात पहिल्यांदा स्टेडियम आतून पाहिलं. त्या दिवशी प्रतीका रावलने १२२ आणि स्मृतीने १०९ काढल्या. पुढे बांगलादेशविरुद्ध प्रतीकाचा पाय मुरगळला आणि तिच्या जागी शफाली आली. अंतिम सामन्याची सामनावीर आठवडाभर आधी संघातही नव्हती! प्रतीका नंतर व्हीलचेअरवरून मैदानात आली, सगळ्यांबरोबर नाचली. आई अजूनही शफालीपेक्षा तिचंच नाव जास्त घेते.

अंतिम सामन्याच्या तिकिटांसाठी मात्र मोबाइलवर ताटकळत बसावं लागलं. रांगेतला नंबर पुढे सरकेचना. शेवटी भावाच्या फोनवरून दोनच मिळाली, मी आणि आई गेलो.

सामना तीनचा आणि पाऊस काही थांबायचं नाव घेईना. स्टेशनपासून मैदानापर्यंत निळे शर्ट छत्र्यांखालून चालले होते. पाठीवर १८ आकडा आणि वर स्मृतीचं नाव घातलेली मुलं बघितली. हो, मुलगे. आठवी-नववीतले. स्वतःच्या पैशांनी घेतलेला तो शर्ट मिरवत होते. आत कव्हर्स निघायची, टाळ्या व्हायच्या, पुन्हा पाऊस, पुन्हा कव्हर्स. आईने पिशवीत आणलेली चकली-शंकरपाळी बॅग तपासताना बाहेरच ठेवावी लागली होती, त्यामुळे पोटात कावळे. पण उठून कुणी गेलं नाही. पाच वाजता खेळ सुरू झाला.

दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोलवार्ट, तिचा तो झेल आमच्या बाजूने नीट दिसला. १०१ वर होती ती, आणि ती आहे तोवर सामना आपला नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिने दीप्तीला उचलून मारलं, अमनजोत पळत आली, चेंडू हातात आला, सुटला, पुन्हा हाताला लागून उडाला आणि तिसऱ्या वेळी तिने तो धरला. तेवढ्या वेळात अख्खं स्टँड श्वास रोखून उभं होतं. आईने माझ्या दंडाला धरलं होतं, तिथे दुसऱ्या दिवशी वळ होते. त्याच षटकात दीप्तीने ट्रायनलाही पायचीत केलं, तेव्हा कुठे आई खाली बसली.

मध्यरात्रीनंतर बाहेर पडलो तर शीव-पनवेल महामार्गाच्या कडेला ढोल वाजत होते. बाया, पोरी, आज्या बिनधास्त नाचत होत्या. नेरूळमध्ये एवढ्या रात्री एवढ्या बायका रस्त्यावर मी पहिल्यांदाच पाहिल्या.

दादर

सगळे खेळाडूंबद्दल लिहितील, मी या संघाचा प्रशिक्षक अमोल मुझुमदारबद्दल लिहितो.

१९८८ ला शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी केली. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता अमोल, आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात हरयाणाविरुद्ध २६० काढल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, ३० शतकं, कर्णधार म्हणून मुंबईला २००६-०७ ची रणजी जिंकून दिली. भारताची टोपी मात्र नाही मिळाली. कारण मधल्या फळीत त्या वेळी द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही यावर किती संध्याकाळी घालवल्या असतील. नेटमध्ये त्याचा स्ट्रेट ड्राइव्ह बघायला आम्ही क्लास बुडवायचो.

चषक जिंकल्यावर हरमनप्रीत त्याच्या पाया पडली आणि मिठी मारली. मी साठीला आलेला माणूस, टीव्हीसमोर हमसून रडलो. मुलगा म्हणाला, बाबा पाणी देऊ का?

सांगली

स्मृती आमच्या गावची, त्यामुळे इथे तिच्याविषयी कुणी वावगं बोलून दाखवावं! ती भावाच्या मागे मागे मैदानावर जायची आणि तिथूनच खेळायला लागली हे इथल्या प्रत्येक मुलीच्या बापाला पाठ आहे. मीही त्यातलाच. माझी मुलगी बारा वर्षांची, डावखुरी.

इंदूरच्या सामन्याबद्दल लिहितो. इंग्लंडच्या २८८ धावा, आपण ३ बाद २३४. स्मृती ८८ वर. आमच्या गल्लीत फटाक्यांची माळ तयार होती, कारण दिवाळीच होती. आणि तिने लाँग-ऑफला झेल दिला. तरीही सामना हातात होता. हळूहळू गेला, चार धावांनी. मुलगी जेवली नाही. मी तिला समजवायला गेलो तर म्हणाली, "बाबा, ती आता काय करत असेल?" मला उत्तर सुचलं नाही. सकाळी सहाला ती स्वतः उठून किट घेऊन दारात उभी होती.

चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीने शतक केलं. तेव्हा ती माळ लावली, भाऊबीजेला.

२०२२ पासून मुलींना मुलांइतकंच सामना मानधन मिळतं, एका एकदिवसीय सामन्याचे सहा लाख. आमच्या नातेवाइकांनी ही बातमी वाचल्यापासून 'मुलीला कशाला उन्हात पाठवता' हे विचारणं बंद केलं. पैशामुळे का होईना, बंद झालं. पण अजून एक अडचण आहे. तिच्या मापाचे पॅड मिळत नाहीत. मुलांचे पॅड मांडीपर्यंत येतात, एकेरी धाव घेताना पायात अडकतात, मी वरची पट्टी कापून शिवून दिली आहे. कुणाला पत्ता माहीत असेल तर सांगा.

लंडन

२३ जुलै २०१७ ला मी लॉर्ड्सवर होते. इंग्लंडचे २२८, आपण ३ बाद १९१. पूनम राऊत ८६ वर खेळत होती, आपली बोरिवलीची, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या इंग्लिश बाई मागे वळून मला आधीच 'अभिनंदन' म्हणाल्या होत्या. मग पूनम पायचीत झाली आणि अन्या श्रबसोलने शेपूट गुंडाळलं. सहा बळी घेतले तिने. नऊ धावांनी हरलो. घरी परतताना ट्यूबमध्ये कुणाशी बोलले नाही.

या वेळी नेमका आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच रविवारी दुपारी. आम्ही भारतापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे पाऊस थांबून खेळ सुरू झाला तेव्हा इथे सकाळचे साडेअकरा. स्टेजवर नाट्यगीतं आणि स्वयंपाकघरात पुऱ्यांच्या कढईशेजारी डब्याला टेकवून ठेवलेला फोन. हरमनने शफालीला गोलंदाजी दिली तेव्हा पुऱ्या लाटणाऱ्या सगळ्याच म्हणाल्या, "अगं हिला कशाला?" आणि शफालीने सुने लूस आणि मारिझान काप यांना लागोपाठच्या षटकांत काढलं. मग हळूहळू प्रेक्षागृहातले लोक पाणी प्यायला म्हणून आत यायला लागले ते परत जाईनात. गाणाऱ्या काकूंनीच शेवटी माइकवरून विचारलं, "किती झाले?" निवेदकाने फोन प्रोजेक्टरला जोडला आणि उरलेला कार्यक्रम सामन्यानंतर झाला.

पुणे

मी सत्तरी ओलांडलेली बाई, नातीने टाइप करून दिलं आहे.

१९७३ साली महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा इथे पुण्यातच झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, तीनच संघ. मी तेव्हा कॉलेजात होते, बघायला गेले आणि पुढच्या वर्षी खेळायला लागले. वळकटी घेऊन दुसऱ्या वर्गाच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करायचो, शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून झोपायचो. संघात पॅडच्या जोड्या मोजक्याच. बाद होऊन येणारी सीमारेषेशी बसायची, आम्ही दोघी तिचे पट्टे सोडवायचो आणि तेच गरम, घामेजलेले पॅड पुढचीला बांधायचो. पंच घड्याळाकडे बघत उभे असायचे.

शांता रंगास्वामी, डायना एडलजी या आमच्या काळातल्या. १९७८ चा विश्वचषक भारतात झाला, चारच संघ होते, आपण तिन्ही सामने हरलो. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तरी आम्ही कात्रण ठेवायचो. २००६ ला महिला क्रिकेट बीसीसीआयकडे गेलं, तोवर सगळा कारभार वर्गणीवर आणि ओळखीपाळखीवर चालायचा.

२ तारखेला संघ चषक घेऊन मैदानाला फेरी मारत होता. तो त्यांनी नेऊन मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. झूलनला रडू आवरेना. त्या मुलींना कुणी हे शिकवलं नव्हतं, सांगितलंही नसेल. चषक हातात असताना आधीच्यांना शोधत जायचं हे त्यांना आतूनच सुचलं. मला त्या रात्री माझ्या संघातल्या तिघींचे फोन आले. एक नागपूरहून, एक मिरजेहून. तिसरीला हल्ली नावं आठवत नाहीत, पण "आपण जिंकलो ना गं?" असं तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

सांगलीच्या बाबांना : पॅडची पट्टी कापू नका, त्याने गुडघ्याच्या वरचा भाग उघडा पडतो. मापाच्या बाबतीत दुकानात वय सांगू नका. घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या आणि त्या अंतराने मागा. गुडघा पॅडच्या मधल्या उशीत नीट बसला पाहिजे. डावखुरी आहे तर तसेच मागा, उजव्यांचे चालवून घेऊ नका. पुण्यात आलात तर तिला घेऊन घरी या. माझ्याकडे नातीचे लहान झालेले आहेत, डावखुऱ्यांचेच.

सांगली

आजी, पुढच्या रविवारी येतो. मुलगी विचारते आहे, तुम्ही काय टाकायचात, ऑफस्पिन का मध्यमगती?

पुणे

लेगस्पिन. बॉल घेऊन ये म्हणावं.