मदत हवी आहे : जुन्या रायवळ आंब्यांवर हापूस-केसरचं कलम, आजरा भागात

नमस्कार मंडळी. आजरा तालुक्यात आमचं थोडं मुरमाड रान आहे. बांधावर बाटीपासून (कोयीपासून) वाढलेले रायवळ आंबे आहेत. झाडं जोमदार, पण फळ बारीक आणि बाजारात उठाव नाही. ती तोडायला जीव होत नाही. मुळं खोल गेलेली आहेत, उन्हाळ्यात पाणी घालावं लागत नाही. नवीन रोपं लावली तर त्यांना जगवण्यातच दोन-तीन उन्हाळे जातील, आणि अल्पभूधारकाला तेच परवडत नाही.

म्हणून झाड छाटून, येणाऱ्या कोवळ्या फुटव्यांवर मृदकाष्ठ कलम करायचा, म्हणजे हापूस-केसरची काडी बसवून बांधायचा विचार आहे. कलमाला ज्या झाडाची काडी घेतली त्याचेच गुण येतात, बाटीच्या झाडाचा तसा भरवसा नसतो.

अडचण पावसाची. कलमाला दमट हवा लागते हे खरं, पण आमच्याकडे जुलैत धो-धो कोसळतो. जोडात पाणी शिरून काडी कुजते का? ऑगस्टअखेरपर्यंत थांबावं का? काडीची पानं आठ-दहा दिवस आधी काढतात, तेही कोणी नीट सांगा. छाटलेल्या खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) पुरेल का, की खोडकिड्यासाठी आणखी काही करावं लागेल?

गडहिंग्लज, चंदगड, भुदरगडकडे कोणी हे केलं असेल तर बाग बघायला येईन. कलम बांधणारा खात्रीचा माणूसही सुचवा.