श्रावणात बरा झालेला हिवताप पौषात परत कसा आला?

दांडियाबाजारची सून : आमच्या सासूबाईंना श्रावणात व्हायव्हॅक्स हिवताप झाला होता. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरला. पुढे चौदा दिवस घ्यायच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या मात्र मळमळीमुळे अर्धवट राहिल्या. आता पौषात, बडोद्यात डास औषधालाही दिसत नसताना, हुडहुडी भरून एकाआड एक दिवस ताप येतो आहे आणि रक्तात पुन्हा व्हायव्हॅक्सच सापडला. हा नवा संसर्ग की जुनाच?

निवृत्त लॅबवाला : रक्ताच्या काचपट्टीवरून हे ठरवता येत नाही, तरी जुनाच असण्याची शक्यता दाट आहे. डास चावल्यावर हिवतापाचे परजीवी आधी यकृतात शिरतात. तिथे काही लगेच वाढून तांबड्या पेशींवर उतरतात, तर व्हायव्हॅक्सचे काही तिथेच निद्रिस्त राहून कित्येक महिन्यांनी जागे होतात. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारते, यकृतातल्या निद्रिस्तांना शिवतही नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असते. रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी १८९७ मध्ये सिकंदराबादला पाहिला, पण व्हायव्हॅक्सचा हा यकृतातला निद्रिस्त मुक्काम प्रत्यक्ष दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले! हिवतापाचा दुसरा परजीवी फॅल्सिपेरम अधिक जीवघेणा असला, तरी त्याला ही निद्रिस्त अवस्था नसते.

रावपुरेकर : ताई, उरलेली पट्टी कपाटातून काढून आपल्या मनाने सुरू करू नका. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात. लघवी काळसर होते, डोळे पिवळे दिसतात. ती तपासणी झाली नसेल, तर डॉक्टरांना आधी तीच करायला सांगा. गोळी जेवणानंतर घेतल्यास मळमळही बरीच कमी होते.

दांडियाबाजारची सून : तपासणी झालेली नाही, उद्याच करून घेते. घरातल्या इतरांना धोका आहे का?

निवृत्त लॅबवाला : शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने नाही, डासामार्फत मात्र आहे, म्हणून सासूबाईंना मच्छरदाणीत झोपवा. शहरात हिवताप पसरवणारा ॲनाफिलिस स्टिफेन्सी हा डास गटारापेक्षा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरच्या टाकीचे झाकण तडकलेले नाही ना, ते पाहा. जादा पाणी जाण्याच्या नळीलाही बारीक जाळी बांधा, कारण झाकण घट्ट असले तरी डास तिथून आत जातो.