नवीन घर: पडद्याचं कापड, पन्ह्याची भांडी आणि हातकागदाची पत्रिका, नाशिकमध्ये काय आणि किती घ्यावं?

इंदिरानगरकर

मंडळी, इंदिरानगरला टू बीएचके ताब्यात आलाय. मे महिन्यात वास्तुशांत आहे. दुपारचं जेवण केटररकडे दिलंय. संध्याकाळी गच्चीवर चाळीसेक माणसं, पन्हं, मठ्ठा आणि थोडं खाणं, एवढंच घरचं. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

हॉलमधलं गॅलरीचं सरकतं दार पश्चिमेला, रुंदी ६ फूट. रॉड जमिनीपासून साडेसात फुटांवर लागेल. सुती कापड घेऊन आयलेटचे (वरच्या कडेला रॉड ओवायच्या धातूच्या कड्या असलेले) पडदे शिवायचेत. एक दुकानदार सव्वाआठ मीटर म्हणतो, दुसरा सव्वाबारा. इतका फरक कसा?

पन्ह्यासाठी तांब्याचे जग घ्यावेत की काचेचा नळवाला डिस्पेन्सर? तांब्याचे दिसतात फार छान.

पत्रिका हातकागदावर, मराठीत, फक्त ६० प्रती हव्यात. छापणारे काही धड सांगत नाहीत.

सगळं मिळून ४०,००० रुपयांत बसवायचंय. दिसायलाही नीट हवं, नुसतं स्वस्त नको.

शिवणटिपण

दोन्ही दुकानदार खरं बोलताहेत, कापडं वेगळी आहेत. हिशोब मांडून बघा.

दार ७२ इंच. रॉड दोन्ही बाजूंना ८-८ इंच बाहेर काढा, म्हणजे पडदा सरकवल्यावर भिंतीवर जाईल आणि दाराचा उजेड अडणार नाही. रॉड झाला ८८ इंच. आयलेटला चुणी साधारण दुप्पट लागते, म्हणजे १७६ इंच रुंदी. कापडाचा पन्हा, म्हणजे ठाणाची रुंदी, ४८ इंच असेल तर चार पाट (उभे तुकडे) लागतात. ५४ पन्हा असेल तर तीन पाटांत १६२ इंच मिळतात, चुणी पावणेदोन-दोनच्या मध्ये येते आणि जाडसर सुती कापडाला तेवढी पुरते. तिसरा पाट उभा मधोमध कापून अर्धा-अर्धा दोन्ही बाजूंना जोडायचा.

आता लांबी. रॉड ९० इंचांवर, आयलेटच्या वर दीड इंच कापड राहतं, खाली जमिनीपासून अर्धा इंच सोडायचं. तयार पडदा ९१ इंच. वरची दुमड ४, खालची दुहेरी दुमड ६, झाले १०१. सुती कापड पहिल्या धुण्यात ५ टक्क्यांपर्यंत आटतं असं धरून पाट १०७ इंचांचा कापायचा. तीन पाटांचे ३२१ इंच, म्हणजे सव्वाआठ मीटर. हा तुमचा पहिला दुकानदार. दुसऱ्याकडे पन्हा ४८ असणार आणि वर मोठी छपाई. नक्षी दर २४ इंचांनी फिरून येत असेल तर प्रत्येक पाट नक्षीच्या पटीतच कापावा लागतो, नाहीतर जोडावर फुलाचं डोकं एकीकडे आणि देठ दुसरीकडे. मग १०७ चा पाट १२० होतो. चार पाट ४८० इंच, सव्वाबारा मीटर. म्हणून मीटरचा भाव विचारण्याआधी पन्हा विचारा आणि नक्षीवर टेप ठेवून अंतर मोजा. एकरंगी किंवा बारीक नक्षीचं ५४ पन्ह्याचं कापड मीटरमागे महाग असलं तरी एकूण बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

शिवण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवायचं. हे टाळलं की पहिल्या धुण्यानंतर पडदा घोट्याच्या वर येतो. गडद रंग असेल तर दुकानातच पांढरा रुमाल ओला करून एक मिनिट घासा. रुमालाला रंग लागला तर तो पडदा उन्हाच्या दारालाही नको आणि पांढऱ्या भिंतीजवळही नको.

आयलेटची संख्या प्रत्येक पडद्याला सम ठेवायला सांगा, तरच दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. एक इंची रॉडला आतलं भोक दीड इंचाचं हवं, नाहीतर पडदा अडकत-अडकत सरकतो.

मेन रोडवर ठाण उलगडून बघायला मिळतं, कॅटलॉगमधल्या वीतभर तुकड्यावर जाऊ नका. पाव मीटर विकत घ्या आणि दुपारी चार वाजता त्याच दाराला टाचून बघा. दुकानाच्या ट्यूबखाली मोतिया दिसणारा रंग पश्चिमेच्या उन्हात चक्क पिवळा दिसतो. लग्नसराईत टेलर आठ-दहा दिवस घेतातच, त्यामुळे खरेदीत पडद्यांचा नंबर पहिला.

तांब्याभांडं

वर पन्हा झाला, आता पन्हं.

तांब्याच्या जगात पन्हं, लिंबू सरबत, कोकम, ताक यातलं काहीच नको. आंबटाने तांबं सुटतं, चव कशीशीच होते, पोट बिघडतं. आतून कल्हई असेल तर गोष्ट वेगळी, पण हल्लीच्या शोभेच्या जगांना ती नसते. तांब्यात फक्त पाणी ठेवा. दोन जग पाण्याचे, तेवढ्याने टेबल छान सजतं.

घेताना भांडी बाजार किंवा तांबट लेन गाठा. तिथे तांबं-पितळ वजनावर मिळतं आणि घरातलं जुनं मोडीत देता येतं. लाकडी मूठ किंवा स्टीलचं झाकण असेल तर ते वजनातून वगळायला सांगा. जगात पाणी भरून पाच मिनिटं कोरड्या कागदावर ठेवा. झाळ (जोडाचं डाखकाम) कच्ची असेल तर बुडाशी कागदावर ओलं वर्तुळ उमटतं.

चकचकीत जगावर बहुधा लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप, मारलेलं असतं. त्याला पितांबरी किंवा चिंच-मीठ लावू नका, लॅकर तुकड्या-तुकड्यांनी निघतं आणि जग कोड फुटल्यासारखा दिसतो. मऊ ओलं फडकं, लगेच कोरडं पुसणं, एवढंच. रोज घासायचा असेल तर बिनलॅकरचाच मागा.

पन्ह्यासाठी काचेचा डिस्पेन्सर चालेल. माणशी दीड ग्लास, ग्लासात १५० मिली धरलं तर ४० जणांना ९ लिटर. पाच-पाच लिटरचे दोन घ्या, एकात पन्हं आणि एकात मठ्ठा असं करायचं तर दोन्ही दोनदा भरण्याची तयारी ठेवा. याची दुखरी जागा म्हणजे नळ. काचेच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन वॉशर हवेत. नट पान्याने आवळला की वॉशर बाहेर सरकतो आणि गळती सुरू होते, हातानेच आवळा. आदल्या रात्री पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवून बघा. कैरीचा गर, मठ्ठ्यातली कोथिंबीर, जिऱ्याचं टरफल या सगळ्यांनी नळ तुंबतो. म्हणून पन्हं गाळून आणि वेलची पूड अगदी बारीक. मठ्ठ्यात वरून काही घालायचं असेल तर ते ग्लासात घाला. नळाखाली ग्लास बसेल एवढा, सहा-सात इंच उंच स्टँड लागतो, तो वेगळा विकत घ्यावा लागू शकतो. आणि उन्हात तापलेल्या काचेत एकदम बर्फ ओतू नका, तडकते. आधी गार पाणी, मग पन्हं, मग बर्फ.

इंदिरानगरकर

शिवणटिपण, हिशोब कागदावर उतरवून घेतला. तांब्याभांडं, ठोके मारलेला जग आवडलाय. हातचं काम आहे की यंत्राचं, हे कसं ओळखायचं?

तांब्याभांडं

मठारकाम म्हणतात त्याला. बोट फिरवून बघा. यंत्राच्या ठशात सगळे खळगे एकाच मापाचे, रांगेत आणि मुठीच्या जोडाशी अचानक तुटलेले. हाताच्या कामात रांग थोडी हलते, गळ्याकडे ठोके बारीक होतात, आणि उजेडात भांडं फिरवलं की चमक एका लयीत न येता चमचमते. हातकाम महाग असतं. फक्त पाणी ठेवायचं असेल तर यंत्राच्या जगाने काही बिघडत नाही, हातकामाच्या भावात घेऊ नका इतकंच.

चुंबकाची परीक्षा अर्धीच कामाची. चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. नाही चिकटला तरी आत स्टील असू शकतं, कारण ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक जवळजवळ लागतच नाही. बुडाच्या कडेला आतून रंग बदलतो का ते बघा.

दस्ता

पत्रिकेचं बोलू. ६० प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च साठ कागदांवर पडतो. डिजिटल स्वस्त, पण हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. टोनर उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत बसत नाही, अक्षरं चावल्यासारखी दिसतात. जाड कागद मशीनमध्ये अडकतो तो वेगळाच. छापणारे हो-नाही करतात ते यामुळे. तुमच्यासाठी स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमला ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छपाई. रंगागणिक वेगळी फ्रेम लागते, म्हणून एकच रंग ठेवा, फार तर दोन. मातकट लाल किंवा गडद निळा हातकागदावर खुलतो.

हातकागदाचा ताव साधारण २२ × ३० इंचांचा येतो. ७ × १० चे नऊ तुकडे गणितात बसतात, पण ३० इंचांत कडेचा झालरीसारखा भाग धरलेला असतो, सरळ कापायला जागा उरत नाही. म्हणून उघडी पत्रिका ७ × ९.५ इंच करा, घडी घातल्यावर ७ × ४.७५. लिफाफा ७.२५ × ५. एका तावात नऊ, आठ तावांत ७२. वर एक ताव चाचणीला. लिफाफे ७५ घ्या, नावं लिहिताना खराब होतात ते नेहमी लिफाफेच.

कागद २५० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) पुरे. पत्रिका पावणेअकरा-अकरा ग्रॅम, १०० जीएसएमचा लिफाफा सहा-सात ग्रॅम, म्हणजे साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. ३०० जीएसएम घेऊन वर अक्षता टाकल्या की टप्पा ओलांडला. (नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटं छापतात म्हणून आपल्याला ती जास्त लावावी लागू नयेत.) घडी घालण्याआधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच) करून घ्याच, नुसती हाताने दुमडली तर घडीवर कागदाचे तंतू फुटतात.

मराठी मजकुराची खरी गोम फॉन्टमध्ये आहे. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवता आणि छपाईवाल्याकडे जुनं सॉफ्टवेअर, श्रीलिपीसारखे फॉन्ट. मजकूर चिकटवला की वेलांटी उडते, रफार पुढच्या अक्षरावर बसतो. दोनच मार्ग. त्यांच्याकडेच नव्याने जुळवून घ्या, किंवा अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट लागणार नाही असं अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ द्या. प्रूफ कागदावर मागा, व्हॉट्सॲपवर नको. ‘आशीर्वाद’, ‘येणाऱ्या’, ‘कृपया’, ‘श्री’ हे चार शब्द आधी तपासा, मोडतोड झाली असेल तर इथेच दिसते. अक्षर ११ पॉइंटच्या खाली नको, स्क्रीनमध्ये अनुस्वार भरून जातात आणि ‘ष’ चं पोट बुजतं.

नावं शाईच्या पेनाने लिहिणार असाल तर लिफाफ्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर शाई फुटणार, जेल पेन वापरा. देवापुढच्या पत्रिकेला कुंकू लावाल तेव्हा ती गठ्ठ्यातून आधीच बाजूला काढा, कोरडं कुंकूही झटकलं जातं आणि खालच्या दहा पत्रिका गुलाबी होतात.

तावांची निवड हवी असेल तर पुण्याला शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची. एरवी नाशिकमधला छपाईवाला मागवून देईल, फक्त नमुना हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

गच्चीवरून

शिवणटिपण यांच्या सगळ्याशी सहमत, एक भर. पश्चिमेच्या दाराला अस्तर लागणारच, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पडद्याच्या घडीघडीवर फिके पट्टे पडतील. अस्तरही वेगळं भिजवून घ्या, आणि खालून मुख्य कापडाला शिवू नका. एक इंच आखूड, सुटं लोंबू द्या. दोन कापडं वेगवेगळी आटली की खालची कड फुगते. हॉलला रबरी कोटिंगचं ब्लॅकआउट नको, गरम पाण्याच्या धुण्यात ते सोलपटतं. साधं मोतिया अस्तर पुरे.

गच्चीवर संध्याकाळी वारा असतो आणि मेमध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही. मंडपवाल्याचं टेबल साधारण ६ फूट × अडीच फूट. खास टेबलक्लॉथ शोधू नका, ९० × १०८ इंचांची एकरंगी सुती डबल चादर घ्या. पुढे-मागे जवळजवळ जमिनीपर्यंत पडते, बाजूंना दीड फूट. चारही कोपऱ्यांच्या दुमडीत दोन-दोन लोखंडी वॉशर शिवा, उडत नाही. नंतर चादर म्हणून वापरा. कागदी नॅपकिन वाऱ्याने गल्लीभर होतात, सुती १६ इंची नॅपकिन घ्या. मेणबत्ती हवीच असेल तर काचेच्या चिमणीत. दिव्यांची माळ वॉर्म व्हाइट, बाहेर वापरण्याची, आणि एक्स्टेंशनचा बोर्ड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर.

खाणं पळसाच्या द्रोणात दिलं तर देखणं दिसतं. भेळ, ढोकळा ठीक. आमरस मात्र वाटीतच, द्रोणाच्या टाक्यांमधून झिरपतो.

इंदिरानगरकर

मोठंच काम झालं. ५४ पन्ह्याचं एकरंगी कापड, पाण्याला दोन जग, दोन डिस्पेन्सर असं ठरवतोय. पिण्याच्या पाण्याला माठही ठेवावा म्हणतोय, जगात त्यातूनच भरू. आदल्या दिवशी आणला तर चालेल?

तांब्याभांडं

नाही, किमान चार दिवस आधी आणा. बुधवारच्या बाजारात बघा. टिचकी मारली की खणखणीत आवाज यायला हवा, भदभद आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. एक दिवस पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा, मग दोन दिवस पाणी भरून फेकून द्या, मातीचा वास जातो. आतून साबण नको, काथ्याने घासा. रंग किंवा वॉर्निश दिलेला माठ घेऊ नका. त्याची छिद्रं बुजलेली असतात, बाहेर पाझर नाही म्हणजे आत गारवा नाही. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी असल्यामुळे साधा माठच उत्तम गार करतो. तिपाईवर, वारा लागेल असा ठेवा. खाली परात ठेवा, नाहीतर सगळा पाझर ‘गच्चीवरून’ यांनी सांगितलेल्या त्या चादरीवर.