प्रतिसाद: लहानपण नेमकं कधी संपलं?

बहुतेकांनी पहिली नोकरी, आवडत्या मालिकेचा शेवटचा भाग वगैरे लिहिलंय. माझं उत्तर जरा विचित्र आहे: २४ ऑगस्ट २००६. त्या दिवशी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. मतदान! पाठ केलेली गोष्ट हात वर करून बदलता येते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मोठी माणसंसुद्धा अजून ठरवतायत, हा खरा धक्का होता.

कारण मात्र रास्त होतं, हे फार उशिरा पटलं. २००५ मध्ये सूर्याभोवती फिरणारा, जवळपास प्लूटोएवढाच एरिस नावाचा गोल सापडल्याचं जाहीर झालं. मग एकतर त्यालाही ग्रह म्हणा, आणि उद्या सापडतील त्या सगळ्यांनाही, नाहीतर व्याख्या नीट करा.

पण मला जास्त आवडतं ते बारशाचं. १९३० मध्ये प्लूटो हे नाव सुचवलं अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने. (डिस्नेच्या कुत्र्याला ते नाव पुढच्या वर्षी मिळालं, म्हणजे कुत्रा धाकटा. मी बरीच वर्षं उलटं समजत होतो.) तिने ठेवलेल्या नावाचा ग्रह 'बटुग्रह' झाला तेव्हा ती सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची होती.

न्यू होरायझन्स यान निघालं जानेवारी २००६ मध्ये, ग्रहाकडे. पोचलं जुलै २०१५ मध्ये, बटुग्रहापाशी. तो हृदयाच्या आकाराचा पांढरा पट्टा असलेला फोटो आला, आणि मी ऑफिसात बसून उगाच हळवा झालो. शेजारच्याने विचारलं, काय झालं? सांगणार काय, कप्पाळ!