‘गाडीतला नकाशा म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या भाऊंसाठी

मनीषनगरवाला
परवा इथं एका भाऊंनी थाटात लिहिलं: गाडीतलं नेव्हिगेशन घेणारा मूर्ख, दोनशे रुपयांचा होल्डर आणा, फोन अडकवा, विषय संपला. खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आज नाही बसवत.

भाऊ, तुम्ही मे महिन्यात दुपारी नागपुरात गाडी चालवता का? आयफोनवाली कंपनी स्वतःच सांगते की भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असेल तिथं फोन वापरा. आपल्याकडं मे महिन्यात ३५ म्हणजे सकाळच्या चहाचा आकडा. पारा ४५ वर, समोरच्या काचेतून ऊन, त्यात चार्जिंग लावलेलं. आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, मग फोनच हात वर करतो. माझा मागच्या उन्हाळ्यात उमरेड रोडला नेमका फाट्यापाशी गचकला. बायको विचारते डावीकडं की उजवीकडं, अन् मी फोन एसीच्या झडपेसमोर धरून बसलोय. गाडीतली स्क्रीन गाडी बनवणाऱ्यानं ऊन धरूनच बसवलेली असते, तिला होल्डरही लागत नाही.

दुसरं, अँटेना. गाडीची अँटेना चांगल्या जागी पक्की बसवलेली असते आणि चाकं किती फिरली, गाडी किती वळली, हे गाडीला आतून कळतं. उपग्रह दिसेनासा झाला तरी बाण बरोबर पुढं सरकतो. समृद्धीवर इगतपुरीच्या पुढं जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, तिथं बघा फोन काय करतो ते.

तिसरं, मेळघाट. सेमाडोहकडं वळलात की नेटवर्क रामराम म्हणते. गाडीतला नकाशा गाडीतच असतो. आता बोला.

झिंगाबाईटाकळी
बोगद्यात कुठं वळून राहिला भाऊ तू? डावीकडं काय डोंगरात?

अन् मेळघाटाचं. फोनला जागा दाखवायला इंटरनेट लागतच नाही, उपग्रह फुकट आहे, हे सांगून सांगून तोंड दुखलं. इंटरनेट लागते ते नकाशाचं चित्र आणायला अन् ट्रॅफिक पाहायला. घरी वायफायवर अमरावती, परतवाडा, धारणीचा पट्टा उतरवून घ्यायचा, झालं. मी चिखलदऱ्याला फोन विमान मोडवर टाकून गेलो आहे, मुद्दाम, साळ्याशी पैज लावून. पैज जिंकलो. साळ्यानं पैसे दिले नाहीत तो विषय वेगळा.

उन्हाचं मान्य. पण एसीच्या जाळीला अडकवायचा होल्डर मिळते. काचेला चिकटवणारे स्वतःच्या हातानं फोन भाजतात.

इतवारीशेठ
मी टॉप मॉडेल घेतलं होतं, २०१५ ला. नकाशा आतच. पुढच्याच वर्षी छत्रपती चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी पाडला. माझ्या गाडीत तो अजून उभा आहे. वर्धा रोडला नवा डबल डेकर पूल झाला त्यालाही वर्षं झाली, माझा बाण अजून जुन्या पुलावर चढते अन् जुन्या पुलावरून उतरते. शोरूमला विचारलं तर म्हणे नकाशाचं कार्ड नवीन घ्या. किंमत ऐकली अन् मी म्हटलं, राहू द्या, पूल उभाच राहू द्या.

एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर या नकाशानं मले थेट नेहरू पुतळ्यापाशी नेऊन घातलं. समोरून मारबतीची मिरवणूक, मागून गर्दी, अन् गाडीतली बाई म्हणते शंभर मीटर सरळ जा. फोन असता तर रस्ता लालभडक दिसला असता.

मनीषनगरवाला
शेठ, इतवारीचे होऊन मारबतीच्या दिवशी नेहरू पुतळ्याकडं गाडी काढली तुम्ही! तुम्हाला नकाशा काय, साक्षात ब्रह्मदेव वाचवू शकत नाही.

आणि २०१५ च्या गाडीवरून आजचा निकाल लावू नका. आता बऱ्याच गाड्यांत सिम असते, नकाशा आपोआप नवा होतो, ट्रॅफिकही दिसते.

इतवारीशेठ
होते ना आपोआप. काही वर्षं फुकट, मग वर्गणी भरा. गाडी माझी, पेट्रोल माझं, आरटीओचा टॅक्स मी भरला, आता रस्ता दाखवायचे पण दरसाल द्या? पेपरवाल्यालाही मी इतक्या लवकर पैसे देत नाही.

मिहान_रात्रपाळी
मी रोज रात्री गाडी चालवते, म्हणून बोलते. तुम्ही तिघंही गाडी आणि फोन यांना सवती समजून भांडताय. फोन केबलनं किंवा बिनकेबलचा जोडायचा, नकाशा गाडीच्या पडद्यावर. अँड्रॉइड ऑटो काय, कारप्ले काय, तेच करतात. फोन खाली कप्प्यात सावलीत पडलेला, ऊन नाही, होल्डर नाही. गाडी देत असेल तर तिच्या अँटेनाचा आधारही फोनला मिळतो. म्हणजे दादा, तुमचे दोन मुद्दे तिथंच संपले.

आणि झिंगाबाई भाऊ, होल्डरच लावा, हातात धरू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोनला सूट आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. आमच्या ऑफिसातला एक जण स्टेअरिंग आणि फोन एकाच हातात धरतो, म्हणे नकाशा बघतोय. नकाशावर व्हॉट्सॲपची हिरवी खिडकी मला पाठीमागच्या सीटवरून दिसते.

झिंगाबाईटाकळी
ताई, हे ऑटो-बिटो चालते तेव्हा झकास. माझ्या गाडीत केबल जरा हलली की पडदा काळा. नेमका लोखंडी पुलाच्या तोंडाशी. अन् बिनकेबलवालं लावलं तर फोन तापतेच, कप्प्यात ठेवा की फ्रिजमध्ये.

वर्धारोड_खालचा
मूळ दुखणं कोणीच नाही बोलून राहिलं. वर्धा रोडला खाली रस्ता, मधी उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. वरून पाहिलं तर तिन्हीची रेघ एकच. जीपीएसला आडवी जागा बरी कळते, उंची तितकी नाही. म्हणून गाडी खाली असो की वर, त्याला वाटते आपण एकाच ठिकाणी आहो. तुम्ही पुलावरून चालले अन् ते सांगते ‘डावीकडे वळा’. कठडा तोडून वळू काय? यात फोन अन् गाडी दोघंही सारखेच येडे.

जुलै २०२४ मध्ये गूगलनं देशातल्या ४० शहरांत पुलाची आगाऊ सूचना सुरू केली. मॅपल्स या देशी नकाशा ॲपमध्ये तर चौकाचं चित्र त्याच्या आधीपासून दिसते. पण एकदा पूल चढून गेल्यावर काय, उतरेपर्यंत देवाचं नाव घ्या. आता कामठी रोडलाही तसाच पूल झाला.

समृद्धी_नेहमीचा
शहरात नकाशा पाहावा लागते म्हणजे तुम्ही नागपूरचे नाहीच. बाहेर जायला तर त्याहून नाही. समृद्धीवर नागपूरच्या शिवमडक्याला चढा, भिवंडीकडच्या आमण्याला उतरा. ७०१ किलोमीटर, नाक सरळ. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडला तेव्हापासून मी फोन लावतो तो फक्त पोचायची वेळ पाहायला. त्यानं चार म्हटलं की आपण साडेतीनला पोचून दाखवायचं. मजा येते.

मिहान_रात्रपाळी
ही ‘मजा’ अगदी वाईट आहे दादा. माझा भाऊ असाच त्या वेळेशी शर्यत लावतो. मी एकदा त्याला कागदावर मांडून दाखवलं. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. मर्यादेत, म्हणजे १२० नं, ४ तास २० मिनिटं. १४० नं ३ तास ४३ मिनिटं. ३७ मिनिटं वाचतात, तीही कुठं न थांबता, आणि तेवढा वेळ तापल्या काँक्रीटवर टायर १४० नं घासायचं. कागद घडी करून खिशात ठेवला त्यानं. बदलला का, ते विचारू नका.

समृद्धी_नेहमीचा
टायरमध्ये नायट्रोजन भरतो मी. ज्याला भीती वाटते त्यानं जुन्या रस्त्यानं जावं, कारंजा, मेहकर, जालना करत. गड्डे मोजत. टोल मी भरतो, कारला पूर्ण रस्त्याचे साडेचौदाशेच्या आसपास जातात. एवढे देऊन ऐंशीनं चालू काय?

कारंजालाड
आमच्या गावाचं नाव गड्ड्यासाठी घेऊ नका. अन् तुमच्या त्या समृद्धीवर माणसानं खायचं काय? रस्ता उघडला तेव्हा तर चहा प्यायला गाडी इंटरचेंजवरून खाली उतरवा, गावात जा, परत चढा, टोलचा हिशेब वेगळा. जुन्या रस्त्यानं गरम भजे तरी भेटत होते.

समृद्धी_नेहमीचा
भजे खायला पाचशे किलोमीटर जायचं काय? घरून डबा न्या.

कारंजालाड
डबा नेतो ना. थांबायचं कुठं? बाजूला उभं राहिलं तर मागून तुमच्यासारखा साडेतीनवाला येते.

वर्धारोड_खालचा
😂

शांतिनगर_ट्रान्सपोर्ट
हसू नका. १ जुलै २०२३ ची रात्र आठवते का कोणाला? नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ जळाली, २५ जीव गेले. माझ्या गाड्या रोज त्या रस्त्यानं जातात. सरळ रस्ता, वळण नाही, झाड नाही, पहाटे तीनला चालवणाऱ्याचे डोळे उघडे असतात अन् माणूस झोपलेला असते. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे, नकाशातल्या बाईचा आवाज बंद करायचा नाही. पुढं वळण नसलं तरी मधून मधून कोणी तरी बोललं पाहिजे. आवाज फोनचा की गाडीचा, मला घेणं नाही.

समृद्धी_नेहमीचा
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी काय बस चालवत नाही. प्रत्येक धाग्यावर येऊन भीती घालायची सवयच आहे काही लोकांना.

शांतिनगर_ट्रान्सपोर्ट
बरं बेटा. तू साडेतीनला पोच.

मनीषनगरवाला
धागा माझा होता, कोणाला आठवते का? विषय होता गाडीतला नकाशा की फोनवरचा.

ताईंचं जोडणीचं मला पटलं, पण अर्धंच. जोडल्यावरही नकाशा फोनवाल्याचाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीकडं अर्धवट पुलावरून गाडी नदीत गेली, तिघं गेले, ती नकाशाच्याच भरवशावर चालली होती. मग तुमचा ‘सदा ताजा’ नकाशा कुठं होता?

झिंगाबाईटाकळी
पुलापुढं साधं आडवं लाकूड लावलं नव्हतं त्याला नकाशा काय करीन? त्या गुन्ह्यात तर बांधकाम खात्याचे इंजिनिअरपण होते. अन् तुझ्या गाडीतल्या नकाशात तो पूल अर्धा दिसला असता की पूर्ण, सांग बरं. शेठच्या गाडीत तर पाडलेला पण दिसते.

मनीषनगरवाला
ठीक आहे. शेठच्या गाडीपुरतं तुमचं बरोबर. शेठच्या गाडीपुरतंच.

मिहान_रात्रपाळी
व्होल्वोसारख्या काही गाड्यांत आता गूगलच आतमध्ये बसवून येतं. तेव्हा कोणाच्या बाजूनं भांडणार तुम्ही?

इतवारीशेठ
व्होल्वो घेणाऱ्याला आपण काय सांगणार ताई. तो ड्रायव्हर ठेवते, अन् ड्रायव्हर पानठेल्यावर विचारते.

नवीनगाडी_घेतो
नमस्कार. मी सगळं वाचलं. दिवाळीत गाडी घ्यायची आहे, मधलं व्हेरियंट की वरचं, एवढंच ठरत नाही. मधल्यात फोन जोडता येतो, वरच्यात नेव्हिगेशन आतच. फरक लाखाच्या वर. महिन्यातून एकदा माहुरला जाणं, बाकी गावातल्या गावात. नेव्हिगेशनसाठी वरचं घेऊ काय?

झिंगाबाईटाकळी
नाही. मधलं घे, माहुरचा नकाशा फोनमध्ये उतरव, उरलेल्या पैशात आम्हाला सावजी खाऊ घाल.

मनीषनगरवाला
वरचं घ्या. उन्हाळ्यात मला आठवाल.

मिहान_रात्रपाळी
वरच्यात आणखी काय येतं?

नवीनगाडी_घेतो
सनरूफ. पोरांनी शोरूममध्येच बघून ठेवलं.

इतवारीशेठ
मंग इथं काऊन विचारून राहिला बाप्पा?