तेलाच्या बदल्यात अन्न : पैसा संयुक्त राष्ट्रांकडे, मग लाच बगदादला कशी पोहोचली?

प्रश्न – अभ्यासिका, सात रस्ता (सोलापूर)

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आमच्या गटात इराकवरील निर्बंधांचा विषय निघाला. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाल्यावर सुरक्षा परिषदेने इराकचा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला आणि १९९५ च्या ठराव क्रमांक ९८६ अन्वये तेल विकून अन्न व औषधे घेण्याची मुभा दिली, एवढे पुस्तकांत सापडते. सद्दाम हुसेन यांच्या सरकारच्या हाती रोकड पडू नये हाच त्या योजनेचा हेतू होता, तर त्यांना तिच्यातूनच लाच कशी मिळाली, हे मात्र उलगडत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त बँक अधिकारी

परकीय चलन विभागात नोकरी झाल्यामुळे बँकेच्या बाजूने लिहितो. तेल घेणारा खरेदीदार आपली रक्कम बगदादला न देता बीएनपी या फ्रेंच बँकेच्या न्यूयॉर्क शाखेतील, संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रणाखालील खात्यात भरत असे. त्यातील ३० टक्के (डिसेंबर २००० पासून २५ टक्के) कुवेत युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी वळते होत, १३ टक्के उत्तरेकडील तीन कुर्द प्रांतांसाठी राखून ठेवलेले असत, आणि प्रशासन व शस्त्रतपासणीचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून मध्य व दक्षिण इराकसाठी माल घेतला जाई. पुरवठादाराला त्याच खात्यातून लेटर ऑफ क्रेडिटवर (बँकेच्या लेखी देयहमीवर) पैसे मिळत, तेही माल इराकमध्ये पोहोचल्याची निरीक्षकांनी पुष्टी केल्यानंतरच.

येथवर व्यवस्था चोख वाटते. गोम अशी, की तेल कोणाला विकायचे आणि गहू वा औषधे कोणाकडून घ्यायची, हे निवडण्याचा अधिकार मात्र इराक सरकारकडेच ठेवला होता.

उत्तर – टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

त्या निवडीचीच किंमत वसूल झाली. २००० च्या सुमारास इराकने पुरवठादारांकडे कराराच्या साधारण १० टक्के रक्कम ‘विक्रीपश्चात सेवा’ अशा नावाखाली मागण्यास सुरुवात केली. कंपनीने करारातच भाव तेवढा चढवायचा, संयुक्त राष्ट्रांच्या खात्यातून पूर्ण बिल वसूल करायचे आणि वाढीव हिस्सा परस्पर इराकला पोहोचवायचा. आम्ही कंटेनर पाठवतो तेव्हाही इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) जुळले की बँक पैसे सोडते. टॉवेल महाग का विकला, हे ती विचारत नाही. सीमेवरचे निरीक्षकही माल तपासत, भाव नव्हे. सुरक्षा परिषदेची, निर्बंधांवर देखरेख करणारी ६६१ समिती करार अडवी ते मुख्यतः क्लोरीनसारख्या, लष्करी उपयोगही होऊ शकणाऱ्या मालाचे.

तेलाच्या बाजूने बॅरलमागे अधिभार घेतला जाई. या योजनेच्या चौकशीसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वोल्कर समितीच्या ऑक्टोबर २००५ च्या अहवालानुसार २,२०० हून अधिक कंपन्यांकडून अशा रकमा गेल्या आणि त्यांची बेरीज सुमारे १.८ अब्ज डॉलर झाली. त्याच अहवालात नाव आल्यानंतर आपल्याकडे नटवर सिंह यांना परराष्ट्र खाते सोडावे लागले.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग उत्तरपत्रिकेत ‘योजना फसली’ असा निष्कर्ष लिहावा काय?

उत्तर – राज्यशास्त्राची प्राध्यापिका

परीक्षक म्हणून मी त्याला निम्मेच गुण देईन. एकूण तेलविक्री सुमारे ६४ अब्ज डॉलरची होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार रेशनमधून माणशी रोज मिळणारे उष्मांक १९९६ मधील सुमारे १,२०० वरून २००२ पर्यंत सुमारे २,२०० वर गेले. दुसरीकडे, बगदादमधील मानवतावादी कार्याचे समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामे दिले. म्हणजे रेशन वाढूनही सामान्य इराकी माणसाचे हाल थांबले, असे त्यांना वाटत नव्हते.

याशिवाय जॉर्डन, तुर्कस्तान व सीरियामार्गे योजनेबाहेर जे तेल विकले जात होते, त्यातून सद्दाम सरकारला या लाचेच्या कितीतरी पट पैसा मिळाला, आणि त्या व्यापाराची कल्पना सुरक्षा परिषदेतील सदस्य देशांना होती. वर्तमानपत्रांनी लाचेवर जेवढी शाई खर्च केली, तेवढी यावर केली नाही. तुम्ही उत्तरात निदान एक परिच्छेद त्याला द्या.